फेटे बांधून बसलेली सुनावणी

सरकार न्याय कसा देतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं कोर्टात जाऊ नये. कोर्टात निदान काळे कोट असतात, आमच्याकडच्या उन्हात ते घालणाऱ्यांची दया तरी येते. खरी करमणूक खात्यांच्या कचेऱ्यांमध्ये. तिथं ज्यानं आदेश काढला तोच त्यावरची हरकत ऐकतो, तोच पुरावा मागतो, तोच पुरावा नाकारतो, आणि मधल्या वेळात स्वतःसाठी चहाही तोच सांगतो. एकच नट सगळ्या भूमिका करतोय आणि तरी नाटक पडत नाही, कारण प्रेक्षकांना उठून जायची परवानगी नसते.

मला नाटकातलं कळतं. माझं मंडप आणि स्पीकरचं दुकान आहे. बीड जिल्ह्यात माझ्या कापडाखाली बसून खोटं न बोललेला पुढारी मला अजून भेटायचा आहे. घाटनांदूरची लग्नं, तलवाड्याचे सत्कार, नारायणगडाच्या यात्रेत हरवलेल्या माणसांची पुकारणी, सगळीकडे माझा आवाज गेलेला आहे. स्पीकर भाड्यानं घेणाऱ्याला सूत्रसंचालक म्हणून मी फुकट मिळतो. या धंद्यात एक गोष्ट मी पक्की शिकलो. पुढाऱ्यापुढं ताट ठेवा, तो थोडा वेळ थांबेल. त्याच्यापुढं माइक ठेवला की त्याला दम निघत नाही.

ही शिकवण माझ्या काकूच्या कामी आली, ती गोष्ट सांगतो.

काकू म्हणजे माझी चुलती. चुलता गेल्यावर तिनं दोन म्हशींवर घर उभं ठेवलं. गावच्या दूध संस्थेत चुलत्याच्या जागी ती स्वतःच्या नावानं सभासद झाली. तिचा सभासद नंबर तिनं घराच्या दारावर चुन्यानं लिहून घेतला होता. पोस्टमन त्याला घर नंबर समजायचा आणि ती त्याला समजू द्यायची. मला म्हणायची, "सभासद न्हाई तर मी नुसती दूध घालणारी. सभासद हाय तर त्या डेअरीची मालकीण. चेअरमन बी माझा नोकर, आन त्याचं पोट बी माझ्याच दुधाचं."

चेअरमनचं पोट खरोखर मोठं होतं, त्यामुळं हे वाक्य गावात खपायचं. चेअरमनच्या कानावरही जायचं.

मग दुष्काळ आला. विहिरीच्या तळात कुत्री सावलीला बसू लागली, कडब्याची पेंढी दिसली की लोक थांबून बघू लागले. सरकारनं जनावरांच्या छावण्या उघडल्या. आमच्या भागातली छावणी रस्त्याकडेच्या गायरानावर होती आणि ती चालवायला मिळाली चेअरमनच्याच दुसऱ्या एका संस्थेला. काकू म्हशी घेऊन तिथं गेली. जुनी लुगडी आणि पोती बांधून तिनं आडोसा केला आणि सगळा उन्हाळा म्हशींच्या पायथ्याशी काढला. गळ्यात पाटी म्हशींच्या होती, पण रोज सकाळी हजेरी दोघींबरोबर तिचीही लागायची.

सकाळ-संध्याकाळ तिथं दूध निघायचं आणि चेअरमनचा टेंपो ते गोळा करून न्यायचा. काकूनं एकदा पावती मागितली. चेअरमन हसला, "आपलंच हाय की काकू. घरच्या घरात कुणी पावती मागतं व्हय?"

पाऊस पडला, म्हशी घरी आल्या आणि दूध संस्थेची निवडणूक लागली. तेव्हा कळलं की ज्यांनी दुष्काळात संस्थेच्या केंद्रावर दूध घातलं नाही ते सगळे अक्रियाशील सभासद ठरलेत. म्हणजे मत नाही, उभं राहायचं नाही, नंबर रद्द. तशी नोटीस रीतसर लावलेली होती. डेअरीच्या दाराच्या आतल्या बाजूला. ते दार दिवसभर उघडं असतं आणि उघडं असलं की त्याची आतली बाजू भिंतीला टेकते. ती नोटीस फक्त भिंतीनं वाचली आणि भिंतीची काही हरकत नव्हती.

छावणीत गेलेले सगळे गावाबाहेरच्या वस्तीवरचे, चेअरमनला मत न देणारे. हा योगायोग सहकार खात्याला फार आवडला. तालुक्याच्या साहेबांनी यादीवर सही केली. काकूनं हरकत घेतली तर ती ऐकायला तेच साहेब बसले.

मी तिच्याबरोबर गेलो होतो. साहेब फोनवर बोलत बोलत सुनावणी घेत होते. फोनवर कुणाच्या तरी वास्तुशांतीला किती वाजता यायचं ते ठरत होतं आणि मधूनच समोर प्रश्न पडत होता.

"केंद्रावर दूध घातलं होतं का?"

"केंद्रावर न्हाई. छावणीत."

"मग संपलंच."

"संपलं कावून? छावणी चेअरमनची, टेंपो चेअरमनचा, डेअरीबी चेअरमनचीच. दूध जाईल कुठं?"

साहेबांनी फोनवर हात ठेवला. अज्ञानी प्रजेला शिकवताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला. "बाई, कायद्यानं चेअरमन ही व्यक्ती वेगळी, छावणीची संस्था वेगळी, दूध संस्था वेगळी. पुरावा आहे का काही?"

"म्हशींना इचारा."

हरकत फेटाळली गेली. आदेशात एकच वाक्य होतं: अर्जदाराने समाधानकारक पुरावा सादर केला नाही. पुढं जिल्ह्याच्या कचेरीत अपील करता येतं असं त्याखाली छापलं होतं. काकूनं अपील केलं. तारीख लागली, आम्ही जिल्ह्याला गेलो, शिपायानं पुकारा केला, आत शिरलो तर मोठ्या खुर्चीवर तालुक्याचेच साहेब.

मला वाटलं आपण चुकून परत तालुक्यालाच आलो. तसं नव्हतं. जिल्ह्याची जागा रिकामी झाली होती आणि तिचा अतिरिक्त कार्यभार यांच्याकडंच आला होता. मोठी खुर्ची, मोठं टेबल, काचेखाली देवाचा फोटो. शर्ट तोच होता.

त्यांनी स्वतःचाच आदेश उघडला आणि असा वाचला की जणू परक्या माणसाचं हस्ताक्षर लागतंय. मध्ये भुवई वर नेली. शेवटी मान डोलावली. "खालच्या अधिकाऱ्यानं सर्व बाबींचा साकल्यानं विचार केलेला दिसतो," ते म्हणाले.

नाटकं बघण्यात माझी हयात गेली, पण असा अभिनय मी पैसे देऊनही बघितला नव्हता. मी जवळजवळ टाळी वाजवणार होतो.

काकू म्हणाली, "साहेब, खालचा अधिकारी तुमीच न्हवं?"

"व्यक्ती तीच, पण पद वेगळं आहे."

काकूनं जरा विचार केला. "म्हंजे चेअरमन तीन ठिकाणी तीन. तुमी दोन ठिकाणी दोन. मग मी एकटीच कावून एक? मलाबी दोन करा. एक छावणीत बसली व्हती, एक केंद्रावर दूध घालत व्हती."

बाहेर शिपाई हसला आणि त्याला आत बोलावून दम देण्यात आला. त्या सुनावणीत तेवढं एकच काम झटपट झालं.

अपीलही फेटाळलं गेलं. वस्तीच्या मतांशिवाय निवडणूक झाली आणि चेअरमन पुन्हा चेअरमन झाला. डेअरीत दूध न्यायचं काकूनं बंद केलं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला ती दूध द्यायची आणि त्याच्या मापाकडं बघायचीसुद्धा नाही. दारावरचा नंबर मात्र तिनं पुसला नाही. दिवाळीला घर सारवताना तेवढा चौकोन सोडून सारवलं.

आणि मग सुधारणा आली.

वर कुणीतरी विचार केला असावा. असे अपघात राजधानीत होतात. वरून परिपत्रक निघालं आणि रद्द झालेल्या सभासदांची अपिलं पुन्हा ऐकायचं ठरलं. त्यात तीन गोष्टी होत्या. आपल्याच आदेशावरचं अपील आपण ऐकायचं नाही. सुनावणी गावात जाऊन लोकांसमोर घ्यायची. आणि निकाल देताना कारण लिहायचं. तिन्ही गोष्टी माणसाला न सांगता सुचायला हव्यात इतक्या साध्या. पण आमच्या खात्यांना माणूस म्हणून काही सुचत नाही, पद म्हणून वरून यावं लागतं.

पहिल्या गोष्टीची वासलात साहेबांनी लगेच लावली. शेजारच्या तालुक्याचे साहेब आमची अपिलं ऐकणार आणि आमचे साहेब त्यांची. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकमेकांच्या घरी पुरणपोळी खाऊन आलेले. तू माझं फेटाळ, मी तुझं फेटाळतो.

दुसरी गोष्ट चेअरमननं अंगावर घेतली. गावात सुनावणी म्हणजे मंडप हवा, खुर्च्या हव्यात, जेवण हवं. तो स्वतः या अपिलात समोरची बाजू होता. पण साहेब लोक गावात येणार आणि चेअरमन त्यांना उपाशी पाठवणार, ही कल्पना त्यालाही आणि साहेबांनाही सहन झाली नसती. त्यानं मला फोन केला. "मोठा मंडप टाक. स्पीकर चांगला आण. आन सूत्रसंचालन तूच कर, तुझ्या काकूलाबी बरं वाटंल."

तिसऱ्या गोष्टीकडं, त्या कारणाकडं, कुणाचंच लक्ष नव्हतं. काकूचं होतं. परिपत्रक तिनं माझ्याकडून वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "कारण लिवायचं म्हणत्यात ना? बास."

त्या दिवशी मंडप असा सजला होता की परगावच्या माणसानं नवरा-नवरी शोधली असती. व्यासपीठावर तीन खुर्च्या. एका बाजूला निकाल देणारे शेजारचे साहेब, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. यांना तिथं काहीच काम नव्हतं, म्हणून त्यांना प्रमुख उपस्थिती असं नाव दिलं होतं. आणि दोघांच्या मध्ये चेअरमन. मागं फ्लेक्सवर चेअरमनचा हात जोडलेला फोटो आणि खाली बारीक अक्षरात 'सुनावणी'.

आधी सत्कार. भर उन्हात दोन्ही साहेबांच्या अंगावर शाली चढल्या, डोक्यावर फेटे बांधले गेले, हातात नारळ आले. निकाल देणाऱ्यानं एका पक्षाचा फेटा बांधून बसावं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फेट्याचं शेपूट साहेबांच्या कपाळावर येत होतं आणि ते फुंकर मारून बाजूला करत होते.

माझ्याबरोबर आमच्या दुकानाचा मिस्त्री होता. बीडचा, वायरिंगमध्ये बोटं चालणारा, तोंड त्याहून चालणारा. मशीनमागून मला म्हणाला, "भाई, ये सुनवाई है की शादी का वलीमा?"

"आवाज किती लावलाय?"

"मंडपापुरता."

"एक भोंगा वस्तीकडं फिरव."

त्यानं माझ्याकडं बघितलं, कारण विचारलं नाही आणि भोंगा फिरवला. वस्तीवर ज्यांचे नंबर गेले होते ते बहुतेक आलेच नव्हते. परत परत हरायला कोण येतं? भोंगा वाजल्यावर एकेक जण येऊन मंडपाच्या कडेला उभा राहू लागला.

चेअरमनची ओळख करून द्यायची वेळ आली. मी माइक तोंडाशी घेतला आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड ओळख करून दिली. दुष्काळात मुक्या जनावरांचा बाप झालेला माणूस, गायरानावर गोकुळ उभं करणारा माणूस. चेअरमनचे डोळे मिटत आले. मग मी आवाज खाली आणला. "पण मित्रहो, मोठ्या माणसाच्या मागं निंदक असतातच. काही लोक म्हणतात, छावणीतलं दूध चेअरमनसाहेबांनी बाहेर परस्पर दुसरीकडं घातलं. आपल्या संस्थेला त्याचा थेंबही मिळाला नाही. मी तर म्हणतो..."

मी काय म्हणतो ते मला सांगावंच लागलं नाही. चेअरमननं माइक माझ्या हातातून ओढला.

"कोण म्हणतं बे? पुढं ये! छावणीतला थेंब न् थेंब आपल्या संस्थेत घातलाय! रोज दोन टाइम माझा टेंपो गेलता. दुष्काळात आपलं केंद्र बंद पडलं न्हाई ते कुणामुळं? छावणीमुळं! ह्या काकू बसल्यात समोर, ह्यांच्या म्हशींचं दूध मी सोताच्या टेंपोत आणलंय. सांगा काकू, खरं का खोटं?"

काकू उठली, पदर नीट केला. "खरं हाय. एकदम खरं बोलले चेअरमन."

"ऐका!" चेअरमन गरजला. मी टाळ्यांची विनंती केली. मंडप वाजला. फेटे बांधलेले दोन्ही साहेबही सवयीनं टाळ्या वाजवत होते. मग आमच्या साहेबांचे हात हळूहळू थांबले. त्यांना कळलं होतं. चेअरमनला अजून कळलं नव्हतं, तो घाम पुसत लोकांना हात करत होता.

सुनावणी सुरू झाली. पहिलं नाव काकूचं. शेजारच्या साहेबांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "संस्थेला दूध दिल्याचा काही पुरावा?"

"आत्ताच दिला की चेअरमननं. तुमी टाळ्या वाजवल्या."

"बाई, ते भाषण होतं. सुनावणी सुरू व्हायच्या आधीचं."

"मग आता सुरू झालीय ना? चेअरमन हितंच हायत. परत इचारा."

सगळा मंडप चेअरमनकडं वळला. आता तो अडकला. पंचक्रोशीत भोंग्यावरून गेलेलं वाक्य गिळायचं, म्हणजे छावणीतलं दूध चोरलं असं स्वतःच सांगायचं. पण माणूस मुरलेला. त्यानं लगेच दानशूर चेहरा केला. "साहेब, माझी हरकत न्हाई. काकू आपल्याच हायत. देऊन टाका त्यांचा नंबर."

साहेबांना सुटल्यासारखं झालं. ते लिहू लागले आणि लिहितालिहिता वाचू लागले, "सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून..."

"थांबा," काकू म्हणाली. "सहानुभूती कुठनं आली?"

"अहो बाई, निकाल तुमच्या बाजूनं आहे."

"मला भीक नगं. परिपत्रकात कारण लिवा म्हणलंय. खरं कारण लिवा. छावणीत दिलेलं दूध संस्थेलाच दिलंय, म्हणून हिचा नंबर हिला परत. आसं लिवा."

तेव्हा चेअरमनला कळलं. विशेष बाब एकट्या काकूची झाली असती. हे कारण वस्तीवरच्या प्रत्येकाचं होतं. त्याचा चेहरा उतरला. "काकू, किती ताणता? जेवणाची येळ झाली. साहेबांना भूक लागली असंल."

खरंच लागली असावी. मागं चुलवणावरून वांग्याच्या भाजीचा आणि शिऱ्याचा वास येत होता, आणि साहेबांचं नाक लपून राहिलं नव्हतं. पण गावात पंगत कधी बसायची ते चेअरमन ठरवत नाही, माइकवाला ठरवतो. त्यानं पुकारल्याशिवाय कुणी पान मांडत नाही, लग्नात वरबापसुद्धा माझ्या तोंडाकडं बघतो. मी माइक परत घेतला आणि अत्यंत नम्रपणे पुकारलं, "सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येतं की काकूंच्या निकालाचं कारण लिहून होताच पंगत बसेल."

मंडपातल्या सगळ्या माना व्यासपीठाकडं फिरल्या. चेअरमनची माणसंसुद्धा. भुकेला पक्ष नसतो.

मग मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की सरकारी अधिकाऱ्याला कारण लिहिता येत नाही. शेजारचे साहेब पेन धरून बसले होते. आमच्या साहेबांकडं झुकून त्यांनी हळूच विचारलं. माइक चालू होता, मिस्त्रीनं तो बंद करायची तसदी घेतली नाही.

"आपण काय लिहितो हो नेहमी?"

"समाधानकारक पुरावा नाही."

"पण आता आहे."

शेजारच्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. फेट्याचं शेपूट कपाळावर आलं, साहेबांना फुंकर मारायचंही सुचलं नाही. नोकरीची एवढी वर्षं गेली आणि पुरावा आहे असं कधी लिहायची वेळच आली नव्हती. शेवटी काकूनं सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. तिच्या बोलीचं कचेरीच्या भाषेत करताना वाक्य दुप्पट लांब झालं, पण म्हैस, छावणी आणि दूध त्यात शाबूत राहिलं. मी ते माइकवर वाचून दाखवलं, वस्तीकडच्या भोंग्यासाठी जरा सावकाश.

वाचून संपायच्या आत मंडपाच्या कडेनं आवाज आला, "आमची बी म्हस छावणीतच व्हती!" मग दुसरा. मग कोण कुणाचं बोलतंय ते समजेना. साहेबांनी शिऱ्याच्या दिशेनं एकदा बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला घेतलं. हळूहळू त्यांचं हस्ताक्षर सुधारत गेलं.

आठवड्यानं पेपरात आलं की सुनावणी शिबिर यशस्वी झालं. फोटोत चेअरमन मधोमध होता. आमचे साहेब पुढं बदलीच्या गावी, लोकाभिमुख सुनावणी कशी घ्यावी यावर भाषणं देत असत म्हणे. आणि बदली होईपर्यंत शेजारच्या साहेबांशी त्यांची फायलींची अदलाबदल सुखरूप चालू राहिली. जिथं काकू नव्हती, तिथं पुरावा पुन्हा समाधानकारक राहिला नाही. सुधारणा यांच्या हातात पडली की तिलाही फेटा बांधतात.

काकू त्या दिवशी जेवायला थांबली नाही. "म्हशींची येळ झाली," म्हणाली आणि चेअरमनच्या पंगतीवरून सरळ निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर डेअरीत गेलो. सेक्रेटरीनं तिची किटली घेतली, तिचा नंबर स्वतःहून मोठ्यानं म्हटला आणि मापात दूध ओतता ओतता गोड हसला. "झालं ना काकू शेवटी? चेअरमनचं मन मोठं हाय. साहेबांनीबी दिलं."

काकूनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिची नजर मापावर होती.

"फेस खाली बसू दे, फुकटचं माप नगं," ती म्हणाली. "मग मोज."